‘हॅव’, ‘हॅड’ की ‘डिड’: रोजच्या इंग्रजीत क्रियापदाचं रूप कसं निवडायचं?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, आणि आता रोज परदेशी ग्राहकांना ईमेल लिहावे लागतात. बारा काळांचा तक्ता तोंडपाठ आहे. तरी “आय हॅड सेंट द ड्रॉइंग्ज यस्टरडे” लिहिलं की शेजारचा सहकारी म्हणतो चूक. ते खोडून “आय हॅव सेंट द ड्रॉइंग्ज यस्टरडे” केलं की साहेब म्हणतात हेही चूक. मग बरोबर काय, आणि दर वेळी ते ठरवायचं कसं? शिवाय ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट’, ‘प्रीपोन’ हे वापरावं का, आणि व्याकरण तपासणाऱ्या ॲपवर किती विसंबावं?

आधी निकाल सांगून टाकते. “आय सेंट द ड्रॉइंग्ज यस्टरडे.” सहकाऱ्याचंही खरं आणि साहेबांचंही खरं. दोन्ही वाक्यं चुकली आहेत, पण चुकण्याची कारणं वेगळी आहेत.

कंपन्यांमधल्या लोकांचं इंग्रजी तपासणं आणि त्यांना ते शिकवणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या क्रियापदाच्या चुका बहुतेक मराठीतूनच येतात, हे माझं ठाम मत आहे. वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि मग ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ आणि ‘होतं’च्या जागी ‘हॅड’ बसवलं जातं. याला शाळेचाही हातभार आहे. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट अशी जोडी आपल्याला शिकवली जाते. नावं जुळतात म्हणून कामंही जुळत असतील असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवायला लागले, त्याआधी पाचवीपासून असायचं. पण परीक्षेत अजूनही ‘पुढील वाक्य पास्ट परफेक्टमध्ये लिहा’ असंच विचारतात. इथे पास्ट परफेक्ट शोभतो का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे मुलांना रूप बदलता येतं, निवडता येत नाही.

‘होतं’ मराठीत काय काय करतं ते बघा. “काल मी पुण्याला गेलो होतो.” “मागच्या महिन्यात तुम्हाला फोन केला होता.” “सकाळी तो येऊन गेला होता.” या वाक्यांत दुसरी कुठलीही घटना नाही, तरी ‘होता’ अगदी सहज येतो. उलट “काल मी पुण्याला गेलो” एवढंच म्हणून थांबलात तर समोरचा “बरं, मग?” म्हणून पुढची हकिकत ऐकायला बसतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की विषय आटोपला, जाऊन परत आलो, आता त्याचं काही शिल्लक नाही, असं सगळं त्यातून कळतं. ‘तो मुंबईला गेलाय’ आणि ‘तो मुंबईला गेला होता’ यातला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो. पहिल्यात तो अजून मुंबईतच आहे, दुसऱ्यात घरी आलाय.

इंग्रजी ‘हॅड’ हे काम करत नाही. त्याला भूतकाळातलाच आणखी एक टप्पा लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट घडली. “व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.” मी पोहोचलो हा एक टप्पा, गाडी त्याच्याही आधी गेली. म्हणून ‘हॅड’ नुसतं एकटं आलं की इंग्रजी वाचणारा अडतो. “आय हॅड कॉल्ड यू लास्ट वीक” वाचून तो मनात विचारतो, कशाच्या आधी? पुढच्या वाक्यात उत्तर शोधतो, ते मिळत नाही. त्याला अर्थ कळतो, पण काहीतरी सांगायचं राहिलं आहे असं वाटत राहतं.

म्हणून ‘हॅड’ लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारा: कशाच्या आधी? उत्तर भूतकाळातली एखादी घटना असेल आणि ती वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात असेल, तर ‘हॅड’ ठेवा. उत्तर ‘आत्ताच्या आधी’ असं आलं, तर काढून टाका आणि साधा भूतकाळ लिहा: ‘वेंट’, ‘कॉल्ड’, ‘सेंट’. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने क्रम आधीच स्पष्ट झालेला असेल तर ‘हॅड’ नसलं तरी चालतं. “वी क्लोज्ड द ऑफिस आफ्टर ही लेफ्ट” यात काहीही चूक नाही.

नम्रपणाचा ‘होतं’ मात्र वेगळा. “मला जरा विचारायचं होतं” असं आपण म्हणतो तेव्हा भूतकाळाचा काही संबंध नसतो, फक्त बोलणं मऊ करायचं असतं. इंग्रजीतही असं करतात: “आय वॉन्टेड टु आस्क”, “आय वॉज वंडरिंग इफ”. पण लोक लिहितात “आय हॅड टु आस्क यू समथिंग”, आणि ‘हॅड टु’ म्हणजे भाग पडलं, इलाज नव्हता. ग्राहकाला वाटतं, यांच्यावर विचारायची वेळ आली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं.

आता साहेबांच्या हरकतीकडे येऊ. ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. काल, परवा, गेल्या आठवड्यात, दहा वाजता, 2019 मध्ये: हे सगळे बंद झालेले काळ. यांच्याबरोबर साधा भूतकाळ. आज, या आठवड्यात, आतापर्यंत, अजून, कधीतरी: हे अजून उघडे. यांच्याबरोबर ‘हॅव’ चालतो. वेळ मुळीच सांगायची नसेल आणि ‘ड्रॉइंग्ज आता तुमच्याकडे आहेत’ एवढंच पोहोचवायचं असेल, तर “आय हॅव सेंट द ड्रॉइंग्ज” लिहून पूर्णविराम द्या. मराठीत “मी काल पाठवलं आहे” बिनदिक्कत चालतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

प्रश्न विचारतानाही हेच. “व्हेन हॅव यू सेंट इट?” हे वाक्य मला जवळपास प्रत्येक वर्गात सापडतं. ‘केव्हा’ विचारलं म्हणजे तुम्ही नेमका एक बंद झालेला क्षण मागताय, तेव्हा “व्हेन डिड यू सेंड इट?” खरं संभाषण कसं चालतं ते ऐकलंत तर कळेल. “हॅव यू सेंट इट?” “यस, आय सेंट इट यस्टरडे.” प्रश्नात ‘हॅव’ होतं म्हणून उत्तरातही असायलाच हवं असं काही नाही. वेळ आली की रूप बदलतं. अमेरिकी ग्राहक “डिड यू सेंड इट येट?” असंही विचारेल. ब्रिटिश कान तिथे ‘हॅव’ची अपेक्षा करतो, अमेरिकी कानाला दोन्ही चालतं. त्याला चूक समजू नका.

लोक ‘हॅव’ आणखी एका कारणाने वापरतात: तो भारदस्त वाटतो. “लोकमान्य टिळक हॅज स्टार्टेड केसरी इन 1881” अशी वाक्यं निबंधात आणि कंपनीच्या माहितीपत्रकातही दिसतात. गंमत म्हणजे इथे मराठी कानालाही खटकतं. “टिळकांनी 1881 मध्ये केसरी सुरू केला आहे” असं कुणी म्हणणार नाही. एरवी मराठीने घात केला, तरी इथे तिचं ऐका. “टिळक स्टार्टेड केसरी इन 1881.”

याच घराण्यातली आणखी एक चूक म्हणजे ‘बिफोर टू इयर्स’. दोन वर्षांपूर्वी, म्हणून ‘बिफोर’. आत्तापासून मागे मोजायचं तर इंग्रजीत ‘अगो’ लागतो, आणि तोही आकड्यानंतर: “टू इयर्स अगो”. त्याच्याबरोबर नेहमी साधा भूतकाळ, ‘हॅव’ कधीच नाही. ‘बिफोर’ दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीसाठी: “बिफोर द ऑडिट”.

आणि ‘पासून’. “मी पाच वर्षांपासून इथे काम करते.” मराठीत वर्तमानकाळ, म्हणून इंग्रजीत “आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स”. बरोबर वाक्य: “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.” काम तेव्हा सुरू झालं, अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कुठल्या क्षणापासून ते सांगायचं तर ‘सिन्स’: “सिन्स 2019”, “सिन्स मंडे”. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ कधीच नाही. तुमचे ग्राहक जर्मन असतील तर गंमत बघा, त्यांच्याही मेलमध्ये हीच चूक सापडेल, कारण जर्मनमध्येही इथे वर्तमानकाळच वापरतात. त्यांचं बघून आपलं पक्कं करू नका.

‘डिड’बद्दल फार बोलायला नको, एकच गोष्ट लक्षात ठेवली की झालं. भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच. ती ‘डिड’वर गेली की मुख्य क्रियापद मूळ रूपात: “डिड यू गो”, “आय डिडन्ट रिसीव्ह”. ‘डिडन्ट वेंट’ आणि ‘डिडन्ट रिसीव्ह्ड’ होतात कारण आपल्या ‘गेलो नाही’मध्ये ‘गेलो’ भूतकाळातच राहतो.

आता चालू काळ. मराठीत “मला दिसतंय”, “मला कळतंय”, “मला वाटतंय” हे सगळं सर्रास चालतं. इंग्रजीत जाणणं, असणं, आवडणं, दिसणं, पटणं ही क्रियापदं सहसा ‘इंग’ लावून घेत नाहीत. “आय नो”, “आय अंडरस्टँड”, “आय सी द प्रॉब्लेम”. “वी आर हॅविंग टू प्लांट्स” चूक, “वी हॅव टू प्लांट्स” बरोबर. पण “वी आर हॅविंग लंच” बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे मालकी नाही, जेवायची क्रिया आहे. ‘थिंक’चंही तसंच: मत सांगताना “आय थिंक द प्राइस इज हाय”, आणि विचार चालू असेल तर “आय ॲम थिंकिंग अबाउट इट”. कारखान्यांच्या माहितीपत्रकात “वी आर मॅन्युफॅक्चरिंग ब्रेक पार्ट्स” असं असतं. नेहमीचा धंदा सांगायचा तर “वी मॅन्युफॅक्चर ब्रेक पार्ट्स”. ‘आर मॅन्युफॅक्चरिंग’ वाचणाऱ्याला वाटतं, सध्या करताय, पुढचं माहीत नाही.

मला सगळ्यात महागडी वाटणारी चूक व्याकरणाच्या पुस्तकात ‘इनडायरेक्ट स्पीच’ नावाखाली असते आणि सगळे ती कंटाळून वाचतात. मराठीत दुसऱ्याचं बोलणं आपण त्याच्याच तोंडचं ठेवतो. “साहेब म्हणाले मी शुक्रवारपर्यंत सँपल देतो.” ऐकणाऱ्याला कळतं की ‘मी’ म्हणजे साहेब. ‘की’ लावला तरी कळतं. हेच इंग्रजीत गेलं की “अवर टूल रूम मॅनेजर सेड दॅट आय विल गिव्ह द सँपल बाय फ्रायडे” असं होतं, आणि इथे ‘आय’ म्हणजे तुम्ही, मेल लिहिणारे. सँपलची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली. अशा एका मेलवरून शुक्रवारी “व्हेअर इज युवर सँपल?” अशी थेट विचारणा आलेली मी पाहिली आहे, आणि मेल लिहिणाऱ्या मुलाला आपण कधी वचन दिलं तेच कळेना.

तेव्हा दुसऱ्याचं बोलणं कळवताना ‘मी’ कोण, ते आधी ठरवा: “द टूल रूम मॅनेजर सेड ही वुड गिव्ह अस द सँपल बाय फ्रायडे.” शुक्रवार अजून यायचा असेल तर ‘वुड’च्या जागी ‘विल’ही चालतं. काळाची घडी थोडी विस्कटली तरी निभावतं, माणूस बदलला तर निभावत नाही. बरोबरीने ‘टोल्ड’ आणि ‘सेड’ यांच्यातला भेद पाळा. ‘सांगितलं’ म्हणताना कुणाला ते आपण गाळू शकतो, ‘टोल्ड’ला ते गाळलेलं चालत नाही. “ही टोल्ड दॅट” चूक. “ही टोल्ड मी दॅट” किंवा “ही सेड दॅट”. आणि ‘एक्सप्लेन’ व ‘सजेस्ट’ याच्या उलट वागतात: “एक्सप्लेन मी” नाही, “एक्सप्लेन इट टु मी”, “सजेस्ट मी अ डेट” नाही, “सजेस्ट अ डेट”.

दुसरी गंमतीची जागा म्हणजे आपण करवून घेतलेली कामं. “मी केस कापले” आपण म्हणतो, कात्री मात्र न्हाव्याच्या हातात असते. “मी दात काढला”, “आम्ही घर रंगवलं”, “गाडी दुरुस्त केली.” मराठीत कुणी गैरसमज करून घेत नाही. इंग्रजीत “आय रिमूव्ह्ड माय टूथ” म्हणजे तुम्ही पक्कड घेऊन स्वतःच काढलात. तिथे ‘गेट’ किंवा ‘हॅव’ आणि तिसरं रूप लागतं: “आय गॉट माय हेअर कट”, “आय हॅड अ टूथ रिमूव्ह्ड”, “वी हॅड द हाउस पेंटेड”. ऑफिसात हे विनोदापुरतं राहत नाही. “वी टेस्टेड द मटीरियल” लिहिलंत तर ग्राहक तुमच्याच प्रयोगशाळेचा अहवाल मागेल. बाहेरच्या लॅबमधून करून घेतलं असेल तर “वी हॅड द मटीरियल टेस्टेड ॲट ॲन आउटसाइड लॅब”. आपल्याकडे ‘करून घेतलं’ हा प्रकार आहेच, तो मनात आला की ‘हॅड’ अधिक वस्तू अधिक तिसरं रूप असं बसवा. आधीच्या ‘हॅड’शी याचा संबंध नाही. इथे ‘कशाच्या आधी’ विचारायचं नाही.

‘शकलो’चं भाषांतर ‘कुड’ करताना जपा. “काल आम्ही डिस्पॅच पूर्ण करू शकलो” म्हणजे प्रत्यक्षात केलं. “वी कुड फिनिश द डिस्पॅच” याचा अर्थ मात्र ‘करता येईल, जमलं तर’ असाही निघतो, आणि ग्राहक गोंधळतो की माल गेला की जाणार आहे. एखादी गोष्ट एका वेळी जमली असेल तर “वी मॅनेज्ड टु फिनिश” किंवा “वी वेअर एबल टु फिनिश”. नाही जमली तर “वी कुडन्ट फिनिश” बिनधास्त लिहा, नकारात अडचण नाही. ‘वुड’ची आपल्याकडे वेगळीच फॅशन आहे. “आय वुड बी कमिंग टुमॉरो” हे ‘विल’पेक्षा नम्र वाटतं म्हणून लिहितात. वाचणारा विचारतो, यायचं होतं पण काही अडचण आहे का? येणार असाल तर ‘विल’. नम्रपणासाठी ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ पुरेसे आहेत.

‘तर’ आणि ‘तेव्हा’ यांच्या मागे ‘विल’ लावू नका. “पाऊस आला तर” यात आपण मराठीतही भविष्यकाळ वापरत नाही, त्यामुळे “इफ इट रेन्स” अवघड जाऊ नये. पण “तुम्ही याल तेव्हा” यात भविष्यकाळ आहे, म्हणून “व्हेन यू विल कम” होतं. इंग्रजीत “व्हेन यू कम”. ‘विल’ दुसऱ्या तुकड्यात ठेवा: “व्हेन यू कम, वी विल शो यू द लाइन.”

अनियमित क्रियापदं पाठ करण्याला पर्याय नाही, आणि ते वाटतं तेवढं मोठं काम नाही. रोजच्या वापरातली म्हणाल तर दोनशेच्या आसपास भरतील. सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं, म्हणजे ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’, ‘गो’, ‘गेट’, ‘मेक’, सगळी अनियमितच. इतकी वापरली गेली की त्यांची जुनी रूपं टिकून राहिली. कमी वापरातली हळूहळू ‘एड’च्या रांगेत गेली. पाठ करताना गटाने करा आणि मोठ्याने म्हणा: ‘सिंग, सँग, संग’, ‘रिंग, रँग, रंग’. न बदलणाऱ्यांचा एक गट करा: ‘पुट’, ‘कट’, ‘कॉस्ट’, ‘कास्ट’. “इट कॉस्टेड अस” चूक, “इट कॉस्ट अस”. मात्र कामाचा खर्च काढणे या अर्थी ‘कॉस्टेड’ चालतं, तुमच्या इस्टिमेशन खात्यात तो शब्द ऐकाल आणि तिथे तो बरोबर आहे. ‘लाय’ आणि ‘ले’ यांच्यात इंग्रजही अडखळतात: स्वतः आडवं होणं ‘लाय, ले, लेन’, काहीतरी ठेवणं ‘ले, लेड, लेड’.

‘वन ऑफ’नंतर अनेकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद: “वन ऑफ अवर कस्टमर्स इज”. एवढंच.

आता वाक्प्रचार. इथे माझं मत थोडं वेगळं आहे आणि अनेक शिक्षकांना ते पटत नाही. ‘प्रीपोन’ला हसणाऱ्यांना मी सांगते, तो शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. ‘पोस्टपोन’चा उलटा एकशब्दी पर्याय इंग्रजांकडे नव्हता, तो आपल्याकडे वापरात आला, यात लाज कसली? पण शब्दकोशात असणं वेगळं आणि म्युनिकच्या माणसाला कळणं वेगळं. भारतातल्या भारतात खुशाल ‘प्रीपोन’ म्हणा. बाहेर लिहिताना “कॅन वी मूव्ह द मीटिंग टु ट्यूजडे?” लिहा, आणि तारीख घाला. ‘डू द नीडफुल’ एकेकाळी ब्रिटिश कचेऱ्यांतही चालायचं, तिथलं ते गेलं, आपल्याकडे राहिलं. मला त्यात चूक वाटत नाही, आळस वाटतो. नेमकं काय करायचं ते लिहा: “प्लीज साइन द लास्ट पेज अँड सेंड इट बॅक.” मग नीडफुल आपोआप होतं.

‘रिव्हर्ट’बाबत मी कडक आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणे, पण युरोप-अमेरिकेत बहुतेकांना पूर्वस्थितीला जाणे एवढाच अर्थ माहीत असतो. तांत्रिक मेलमध्ये हे धोक्याचं आहे. “प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग” वाचून एखादा इंजिनियर जुन्या ड्रॉइंगवर परत जाईल. ‘रिप्लाय’ लिहा. ‘आय हॅव अ डाउट’चंही तसंच. आपल्याला शंका म्हणजे प्रश्न असतो, त्यांना ‘डाउट’ म्हणजे अविश्वास वाटतो. ‘क्वेश्चन’ लिहा.

बाकीच्या काही गोष्टी सरळ चुका आहेत आणि त्या मराठीतून आल्या आहेत. आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. इंग्रजीत ‘डिस्कस द इश्यू’. स्टेशन‘ला’ पोहोचतो, म्हणून ‘रीच टु’. इंग्रजीत ‘रीच द स्टेशन’. परीक्षा देतो, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो, ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ उगाच आहे. ‘लुक फॉरवर्ड टु’नंतर ‘इंग’ येतं: “वी लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू”. तिथला ‘टु’ ‘टु मीट’मधला नाही, म्हणून ‘टु मीट यू’ चूक.

शेवटचा प्रश्न ॲपचा. वापरा, पण ते काय पकडतं ते माहीत असू द्या. ‘डिडन्ट वेंट’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे ते लगेच लाल करतं, कारण ही वाक्यं कुठल्याच प्रसंगात बरोबर नसतात. “आय हॅड कॉल्ड यू” मात्र व्याकरणाने निर्दोष वाक्य आहे, योग्य प्रसंगी अगदी बरोबर. “आय रिमूव्ह्ड माय टूथ”ही निर्दोष, “ही सेड आय विल गिव्ह द सँपल”ही निर्दोष. प्रत्यक्षात काय घडलं हे ॲपला माहीत नसतं, त्यामुळे या चुकांवर लाल रेघ येईलच असं धरून चालू नका. काही ॲप तर मेल ‘सुधारताना’ अख्खं वाक्य बदलतात आणि ‘वी विल ट्राय’चं ‘वी विल’ करून ठेवतात. ग्राहकाला मेल जाण्याआधी प्रत्येक बदल स्वतः वाचून मगच मान्य करा.

मी वर्गात एक काम करायला लावते, ते तुम्हीही करा. तुमच्या पाठवलेल्या मेलच्या पेटीत ‘हॅड’ हा शब्द शोधा, गेल्या दोन-तीन महिन्यांचे मेल निघतील. प्रत्येकापुढे ‘कशाच्या आधी?’ विचारा आणि उत्तर नसेल तिथे वाक्य नव्याने लिहा. मग ‘यस्टरडे’ आणि ‘लास्ट’ शोधा आणि शेजारी ‘हॅव’ आहे का बघा. मग ‘सेड’ शोधा आणि पुढचा ‘आय’ कोण आहे ते तपासा. आठवड्याला एकच शब्द घ्या, एकदम सगळे नकोत. तुमच्या स्वतःच्या वाक्यांवर काम केलंत की कुठली चूक तुमची आहे आणि कुठली नाही हेही कळेल, कारण सगळ्यांच्या हातून सगळ्या चुका होत नाहीत.